पांढऱ्या खांबाच्या उजवीकडे

"यापेक्षा चांगली जागा अख्ख्या बंदरावर मिळायची नाही," असं म्हणत मॅनेजरने काचेवरचा पडदा बाजूला सारला. "खाली धक्का, समोर बोटी, अंधार पडला की दिवे. लोक आठवडाभर आधी सांगून ठेवतात हे टेबल."

तांडेलने काचेजवळ जाऊन खाली पाहिलं. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या आणि शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. त्याच पायऱ्यांवरून एका कॉलेजातल्या मुलीला त्याने वर काढलं होतं. तिच्या पिशवीचा पट्टा तिथल्या कडीत अडकला होता, म्हणून ती सापडली तरी.

"नको," तो म्हणाला.

मॅनेजरला वाटलं, माणूस भाव ऐकून बिचकला. त्याने दुपारी दर कमी असतात वगैरे सांगितलं. तांडेलने ऐकून घेतलं, आभार मानले आणि जिना उतरला. सकाळपासून त्याने नापसंत केलेली ही दुसरी जागा होती.

तांडेल म्हणजे लाँचवरचा मुख्य खलाशी. त्याची लाँच माल नेणारी नव्हती की प्रवासी नेणारी नव्हती. कुणी पाण्यात पडलं, कुणी उडी टाकली, कुणाची होडी उलटली की ती निघायची. जिवंत माणूस क्वचित हाती लागायचा. बहुतेक वेळा उशीर झालेला असे, आणि मग पुढचं सगळं तांडेलकडे यायचं. लांब काठी, दोर, ताडपत्री, आणि काठावर उभ्या असलेल्या घरच्यांशी बोलणं. नोकरीत त्याचे केस पिकले होते. अशा माणसाने समुद्रकाठी छान देखावा असलेलं हॉटेल शोधायला निघावं, यासारखी थट्टा नाही. पण बायकोने मागितलं होतं.

बायको शिवणकाम करायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली आणि जिभेवर सुई ठेवून बोलली, असं तिची मुलगीच म्हणायची. गेल्या महिन्यात पोटात गाठ निघाली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी तांडेलला एकट्याला आत बोलावलं. आता कापाकापी करून काही उपयोग नाही, थोड्या दिवसांनी गिळणंही जड जाईल, तोवर त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या, असं ते म्हणाले. बाहेर बाकावर बायको बसली होती. तांडेल तिच्या शेजारी बसला आणि त्याने सांगितलं, "गाठ साधी आहे. औषधानं सुकत जाईल. शांत पडून राहायचं, काही त्रास होणार नाही." तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग पिशवी उचलली.

मुलगी लांब, सासरी. तिला दिवस गेलेले, आणि तेही नाजूक. प्रवास करायचा नाही म्हणून तिला डॉक्टरांची सक्त ताकीद होती. तिलाही त्याने गाठ साधी असल्याचंच सांगितलं होतं.

पुढे एके दिवशी बायकोने उशीला टेकून म्हटलं होतं, "जन्मभर समुद्राचा पगार खाल्ला, पण समुद्राकाठी बसून कधी घासभर खाल्लं नाही. एकदा न्या की. मासा खाईन चांगला. पाणी दिसलं पाहिजे हां, नाहीतर न्याल एखाद्या बोळात."

मासा त्यांच्या घरात शिजत नसे. तांडेल नोकरीला लागल्यावर त्याने तो सोडला, का ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिला आवडायचा, तरी तिने घरात आणणं बंद केलं. माहेरी गेली की दोन दिवस मनसोक्त खाऊन यायची आणि यायच्या आधी हात लिंबाने धुवायची. एवढं जिने केलं तिला एक दुपार चांगली मिळावी, आणि त्या दुपारी तिला काही कळू नये, एवढंच तांडेलच्या मनात होतं. या दोन गोष्टींखेरीज त्याला आता जगात काही नको होतं.

सकाळी पहिली जागा पाहिली होती ती जुन्या बोटीवरची. बोट कायमची नांगरून तिचं हॉटेल केलेलं, दोरांना रंगीत दिवे लावलेले. तांडेल फळीवरून आत पाऊलच टाकू शकला नाही. एका जागी उभ्या असलेल्या बोटीच्या पोटाखाली काय काय येऊन थांबतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पायऱ्यांवरचं ते दुसरं. तिसरं टेकडीवरचं, बागेतलं, जिथे नवी जोडपी फोटो काढतात. तिथून खाली खडक दिसतात. त्या खडकांवरून त्याने एक जोडपंच आणलं होतं. मनगटाला मनगट ओढणीने बांधलेलं होतं, आणि गाठ इतकी पक्की की लाँचवर सोडवता आली नव्हती.

लाँचचा इंजिनवाला त्याच्याबरोबर फिरत होता. सुट्टीचा दिवस, आणि मित्राची अवस्था त्याला माहीत होती. टेकडी उतरताना तो वैतागला. "अरे, तू जेवायला जागा बघतोयस की पंचनामा करतोयस? या पाण्यात स्वच्छ कोपरा एक नाही. डोळे मीट आणि कुठलंही घे."

तांडेल थांबला. "एक आहे," तो म्हणाला.

बंदराच्या तोंडाशी एका खडकावर पांढरा खांब आहे, बोटींना वाट दाखवणारा. तिथे ओढ इतकी की पाण्यात पडलेलं काहीच टिकत नाही. सगळं आत वाहत येतं. धक्क्यांच्या खाली, बाजारामागच्या गटाराच्या तोंडाशी, बोटींच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत. खांबापाशी मात्र तांडेलला कधीही कोणीही मिळालेलं नव्हतं. लांबून तिथलं पाणी शांत दिसतं, आणि दुपारी त्यावर ऊन पडतं.

त्या खांबासमोर, बांधाच्या अगदी टोकाला, एक साधं हॉटेल होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला ओल, पण मासा ताजा. समुद्राकडे एकच मोठी खिडकी आणि तिच्याजवळ एक टेबल. खिडकीतून खांब आणि पाणी, दुसरं काही नाही. तांडेल त्या खिडकीशी उभा राहिला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड जरा हलला. त्याने रविवारी दुपारसाठी टेबल मागितलं. मालकाने डोकं खाजवलं. रविवारी या खिडकीला ठरलेली गिऱ्हाइकं असतात, जास्त खात नाहीत पण बसून राहतात, असं काहीतरी तो पुटपुटला. तांडेलने बायकोची तब्येत सांगितली. तेव्हा मालक म्हणाला, "मग या. त्यांना मी दुसरीकडे बसवतो."

"मिळालं एकदाचं," इंजिनवाला म्हणाला आणि त्याने कपाळाला हात लावला.

रविवारी बायकोने ठेवणीतले कपडे काढले. अंगावर ते लोंबायला लागले होते, म्हणून तिने स्वतःच आतून टाके घालून घेतले आणि वरून तांडेललाच विचारलं, "फिटिंग बरं आलंय ना?" त्याने मान हलवली. मोजपट्टी तिच्या गळ्यातच राहिली होती. ती तिने काढली, गुंडाळली आणि मशीनच्या खणात ठेवली.

हॉटेलात त्याने तिला समुद्राकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. तिने हट्टाने सगळं मागवलं. तळलेला मासा, कोळंबी, वर सूप. त्याच्यासाठी भात आणि उकडलेले बटाटे. वेटर उतारवयाचा, पाय ओढत चालणारा होता. त्याने मासा आणून तिच्यापुढे ठेवला तेव्हा ती वाकून नुसता वास घेत राहिली. मग तिने शेपटीकडचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. तांडेलला वाटलं, झालं. आपलं काम झालं.

"छान जागा शोधलीत हो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही गोदामाच्या मागे वगैरे न्याल."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक गृहस्थ उठून आले. नीटनेटके कपडे, हातात टोपी. त्यांनी तांडेलकडे निरखून पाहिलं आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मला वाटलंच, तुम्हीच. माझ्या धाकट्या भावाला तुम्ही काढलं होतंत. त्या खांबापाशी. आम्ही अधूनमधून येतो इथं."

तांडेलच्या हातातला चमचा तसाच राहिला.

लाँचवर एक पद्धत होती. कुठल्याही कागदात ती नव्हती. आधीच्या तांडेलने याला शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. घरच्यांना जागा सांगायची ती नेहमी चांगली सांगायची. गटाराचं तोंड सांगायचं नाही, भिंतीची फट सांगायची नाही. सरकारी कागदावर काय असेल ते असो, घरचे कागद वाचत नाहीत, ते तुमच्या तोंडाकडे बघतात. मेलेल्याला फरक पडत नाही, पण मागे राहिलेल्यांना तीच जागा जन्मभर डोळ्यांपुढे येते, असं तो आधीचा म्हातारा तांडेल म्हणायचा. आणि चांगली जागा म्हणून बोट दाखवायचं ते एकाच दिशेला, कारण तेवढंच पाणी स्वच्छ होतं. इतक्या वर्षांत तांडेलने किती जणांना तिकडे बोट दाखवलं, त्याची गणती त्याच्यापाशी नव्हती. ही माणसं नंतर इथे येतील, बसतील, त्या पाण्याकडे बघत सूप पितील, हे मात्र त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्या पाण्यात कुणीच नव्हतं, तिथे त्याने स्वतःच सगळ्यांना नेऊन ठेवलं होतं.

"त्रास झाला नसेल ना हो त्याला?" गृहस्थांनी विचारलं. हे ते बहुधा दरवेळी मनात विचारत असावेत.

"नाही," तांडेल म्हणाला. "पाणी शांत असतं तिथं. काही त्रास झाला नाही. झोपल्यासारखा चेहरा होता."

गृहस्थ मान हलवत परत गेले. बायकोने सूपचा चमचा भरला आणि तो वाडग्यातच परत सोडला. तांडेल बटाटे कुस्करत राहिला. लवकर जेवण आटपावं आणि हिला घरी न्यावं, एवढंच त्याला सुचत होतं.

पण दारातून एक म्हातारी आली. एकटीच, हातात काठी आणि खांद्याला कापडी पिशवी. ती सरळ खिडकीकडे चालत आली आणि टेबल भरलेलं बघून बावचळली. मालक धावत येऊन तिला दुसरी खुर्ची दाखवू लागला. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती तांडेलकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, सोयऱ्याधायऱ्यांपैकी कुणी अचानक भेटल्यावर उजळतो तसा.

"लाँचवाले ना तुम्ही?" मग ती बायकोकडे वळली. "बाई, तुमच्या मालकांनी माझा मुलगा शोधून दिला. सगळ्यांनी आशा सोडली होती, यांनी नाही सोडली."

बायकोने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. उभ्या नका राहू."

म्हातारी टेकली. तांडेलला तिचा मुलगा आठवत होता. आठवत नसता तर बरं झालं असतं. मासळी बाजाराच्या मागे, गटाराच्या तोंडाशी, जाळ्याच्या तुकड्यांत गुरफटलेला. म्हातारीला त्याने चेहरा दाखवलाच नव्हता, ताडपत्रीबाहेर फक्त एक हात काढून दिला होता. तिने तो हात गालाला लावला होता.

"एक विचारू का?" म्हातारी म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी खांबापाशी म्हणालात. पण खांबाच्या डावीकडे की उजवीकडे, ते विचारायचं राहूनच गेलं. मी इथं येते, तर कुठं बघायचं तेच कळत नाही. कधी इकडे बघते, कधी तिकडे. बघून घेतलं आणि तो भलतीकडेच असला तर, असं वाटत राहतं. जरा नेमकं दाखवाल?"

तांडेलला वळून बसावं लागलं. जेवायला बसल्यापासून पाठीमागे टाकलेलं पाणी आता समोर आलं. त्याने हात वर केला. हात सरळ होता, आवाजही सरळ होता.

"उजवीकडे. खडक संपतो ना, तिथं. पाणी शांत असतं. काही त्रास झाला नाही त्याला. झोपल्यासारखा होता."

"उजवीकडे," म्हातारी म्हणाली. "मी मेली डावीकडेच जास्त बघायचे." आणि ती हसली, आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ती बराच वेळ उजवीकडे बघत बसली. बायकोने तिच्यासाठी चहा मागवला. दोघी कुठल्यातरी कापडाबद्दल, म्हातारीच्या पिशवीच्या शिलाईबद्दल बोलल्या. मग म्हातारी उठली, तांडेलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काठी टेकत गेली. चहा तिने अर्धाच प्यायला होता.

तळलेला मासा गार झाला होता. बायकोने कोळंबी ताटाच्या एका बाजूला सारली.

"बरीच वर्दळ आहे हो त्या खांबापाशी," ती म्हणाली.

तांडेलने पाण्याचा पेला पुढे ओढला.

"तिथं कुणी मिळालंय कधी?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

तिने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने माप सांगावं आणि तिला ते आधीच ठाऊक असावं तशी. मग तिने हात पुसले आणि टेबलावर एकावर एक ठेवले. "डॉक्टर काय म्हणाले होते? परत एकदा सांगा बरं."

"गाठ साधी आहे," तांडेल म्हणाला. "शांत पडून राहायचं, काही त्रास..."

आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. थोड्या वेळापूर्वी याच टेबलावर दोनदा निघालेला, तसाच सपाट, तसाच खरा वाटणारा. त्याचं वाक्य तिथेच राहिलं. इतकी वर्षं कोणी त्याला पकडलं नव्हतं, कारण त्याचं बोलणं लागोपाठ दोनदा ऐकायची वेळ कुणावर आली नव्हती. त्याला लाज वाटली, भीती वाटली, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी, आता हे एकट्याने ओढायचं नाही, म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"मोजपट्टी मला रोज सांगतच होती," बायको म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात म्हणून म्हटलं, असेल. पट्टीपेक्षा माणसावर विश्वास ठेवावा." जरा थांबून तिने विचारलं, "पोरीचं बाळंतपण बघेन का मी?"

तांडेलने तोंड उघडलं. नेहमीचा आवाज अगदी ओठांवर तयार उभा होता.

"त्या आवाजात नको," ती म्हणाली.

"नाही," तांडेल म्हणाला. त्याचा आवाज फाटला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं. "नाही बघणार तू."

ती खिडकीबाहेर बघू लागली. तिने खालचा ओठ दातांखाली धरला. तांडेलला तिचा हात धरावासा वाटला. त्याने धरला. तो हात त्याच्या हातात नुसता हाडांचा लागत होता, आणि असे हात त्याला अनोळखी नव्हते, पण हा गरम होता. ती रडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"पोरीला आत्ता काही सांगायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "तिचं सुखरूप होऊ दे. मी मधेच गेले तर दाबून ठेवा, ते तुम्हाला जमतं. आणि मग सांगाल तेव्हा तुमच्या पद्धतीनं सांगा."

"काय सांगू?"

"झोपेत गेली, चेहरा शांत होता, ते नको. तिला खरं वाटणार नाही. माझा चेहरा कधी शांत होता का?" तिने ताटाकडे पाहिलं. माशाच्या शेपटीकडचे दोन तुकडे तेवढे मोडलेले होते. "सांगा, आई समुद्राकाठी जेवायला गेली होती. मासा खाल्ला, कोळंबी खाल्ली, वर सूप मागवलं. पोटभर जेवली. बोटं चाटली. म्हणून बघा एकदा."

"इथं?"

"मग कुठं? मला ऐकू दे की."

तांडेलने घसा साफ केला. "आई समुद्राकाठी जेवायला गेली होती," तो म्हणाला. "मासा खाल्ला. कोळंबी खाल्ली. पोटभर..." आणि जन्मात पहिल्यांदा त्याला पुढचं सांगता आलं नाही. त्याने मान खाली घातली आणि बटाट्यांच्या ताटावर त्याचे खांदे हलू लागले.

बायकोने त्याला थांबवलं नाही, की उगी उगी म्हटलं नाही. फक्त आपली खुर्ची थोडी सरकवली, हॉटेलातल्या लोकांना तो दिसू नये म्हणून.

पाय ओढत वेटर आला. त्याने भरलेलं ताट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आवडलं नाही का, बाई? मी स्वतः निवडून आणला होता मासा."

"आवडलं तर," बायको म्हणाली. "असा मासा कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. पोट अगदी भरलं."

तिने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की वेटरला ते खरं वाटलं. तो खूश झाला आणि ताट उचलून घेऊन गेला.